खोली ५०७ मधलं मत्स्यालय

सुरुवातीला माझ्याकडे होतं ते असं: चार टेराबाइटची एक फिरती हार्ड डिस्क, एकशे अठ्ठावीस गिगाबाइटची फ्लॅश मेमरीची एक पट्टी, पडदा नसलेला एक छोटा संगणक, एक पंखा, पाचपैकी चार स्क्रू आणि हे सगळं मावेल असा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. साठवण्यासारखा ऐवज एकोणीस गिगाबाइट. त्यातले अकरा कॉलेजचे, पाच प्रयोगशाळेतल्या आलेखांचे आणि उरलेले तीन माझे. चोवीस वर्षांत एकोणीस, या वेगाने डिस्क भरायला अजून पाच हजार वर्षं लागणार होती. कोराटला आल्यापासून आठ महिन्यांत खोलीवर आलेले पाहुणे: दोन. त्यातला एक चुकून आला होता. बूट काढून आत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा मजला चौथा नाही.

मी मूळचा दक्षिणेकडच्या त्रांगचा. कोराटमध्ये हार्ड डिस्क बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी विभागात आहे. दिवसभर हजारो डिस्का माझ्यासमोर फिरतात आणि त्यातल्या कुठल्या लवकर मरणार हे मी सांगतो. असं काम करणाऱ्या माणसाने संध्याकाळी घरी येऊन पुन्हा डिस्कच जोडत बसावं, हे शहाणपणाचं लक्षण नव्हे. पण संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत पाच तास असतात, आणि मी नूडल्स सावकाश खाल्ल्या तरी त्यातली वीसच मिनिटं भरतात.

फ्लॅशची पट्टी तेव्हा ड्रॉवरमध्येच होती. नुसती डिस्क जोडली, डबा भिंतीला टेकवून ठेवला आणि चालू केला. डिस्क फिरायला लागली की आतला वाचणारा काटा इकडून तिकडे उडी मारतो आणि 'चुक्' असा आवाज होतो. थांबून पुन्हा 'चुक् चुक्'. मला तो आवाज आवडला. खोलीत आपल्याशिवाय दुसरं कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटायचं.

पाचव्या दिवशी इमारतीच्या कार्यालयाच्या व्यवस्थापिका खुन वारापोन दारात उभ्या राहिल्या. खुन हे आमच्या थाई भाषेतलं आदराचं संबोधन. त्यांच्या हातात पाटी आणि चेहऱ्यावर नियमावली असते.

"खोली ५०८ची तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "तुमची पाल फार बोलते."

"माझ्याकडे पाल नाही."

"पाल कुणाकडेच नसते हो. ती आपली असतेच."

त्यांच्या मागून एक पंचाहत्तरीच्या आतबाहेरच्या बाई डोकावल्या. फुलाफुलांचा झगा, केसांना हिरवा चाप. ५०८ मधल्या पा सायबुआ. पा म्हणजे आईपेक्षा मोठी मावशी, आणि इमारतीत त्या सगळ्यांच्याच पा होत्या. आठ महिने आमच्यात एक भिंत होती आणि लिफ्टमध्ये भेटल्यावर दोन्ही हात जोडण्यापलीकडे ओळख नव्हती.

"पोरा," त्या म्हणाल्या, "मी पाच दिवस बाजारात गेले नाही. चप्पल घालते, दार उघडते, आणि ही मेली चुकचुकते. निघताना पाल चुकचुकली तर बाहेर पडायचं असतं का? तूच सांग, शिकलेला दिसतोस."

शिकलेल्या माणसाने इथे काय सांगायचं असतं ते मला ठाऊक होतं. आवाज यंत्राचा आहे, काट्याची उडी आहे, शकुनाशी संबंध नाही. ते मी सांगितलं. पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पाल नाही."

"नाही."

"पण चुकचुकतं."

"हो."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि चप्पल काढून माझ्या खोलीत आल्या. तिसरा पाहुणा.

खुन वारापोन यांचा प्रश्न वेगळा होता. चोवीस तास चालणारं विजेचं उपकरण नोंदवावं लागतं, आणि त्यांच्या यादीत अशी दोनच उपकरणं होती: फ्रीज आणि मत्स्यालयाचा पंप.

"हे दोन्ही नाही," मी म्हणालो.

"थंड करतं का?"

"उलट गरम होतं."

"मग मत्स्यालय." त्यांनी नोंद केली. "दर महिन्याला गळती तपासायला येईन. मासे किती?"

"एकही नाही."

"शून्य लिहिता येत नाही. रिकाम्या टाकीला परवानगी नाही, डास होतात. एक लिहिते."

दुसऱ्या दिवशी पा एका काचेच्या बरणीत गुलाबीसर लाल झुंजीचा मासा घेऊन आल्या. "सरकारी कागदावर खोटं नको," त्या म्हणाल्या. हा मासा एकटाच ठेवायचा असतो. शेजारी दुसरी बरणी असेल तर मधे पुठ्ठा लावतात, म्हणजे एकमेकांना दिसून ते अंगावर जात नाहीत. बरणी डब्याशेजारी ठेवली. मासा फिरायचा, डिस्क फिरायची, मी पाहायचो.

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण पांनी विचारलं, "ह्या डब्यात ठेवतोस काय?"

"फोटो, कागदपत्रं. काहीही मावतं."

"काहीही?" त्यांनी कमरेची पिशवी उघडून फोन काढला. "मग ह्याला आधी बघ. काल सकाळपासून वुतचं चित्र आलं नाही."

वुत त्यांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी कोरियाला कारखान्यात कामाला गेला. आमच्याकडे मोठी माणसं रोज सकाळी एकमेकांना फुलांची चित्रं पाठवतात, ती तुम्हालाही माहीत असतील. सोमवारी पिवळं फूल, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवं, ज्या वाराचा जो रंग तो, आणि वर 'आजचा दिवस सुखाचा जावो'. वुत रोज एक पाठवायचा. तेवढंच पाठवायचा. चित्र आलं म्हणजे मुलगा आहे, असा पांचा हिशोब होता, आणि फोन गच्च भरल्यामुळे त्या हिशोबात दोन दिवसांची भोकं पडली होती.

"पा, जुनी चित्रं पुसून टाका ना. साडेअकरा हजार आहेत."

"पुसू?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कुणाच्या तरी अस्थी कचऱ्यात टाकायला सांगितल्या. "कुणीतरी पाठवलेली आहेत ती."

"ह्यावर कोपऱ्यात विमा एजंटचं नाव आहे."

"असू दे. त्याने बनवलं, कुणी त्याच्याकडून घेतलं, कुणी मला ढकललं. सगळी तशीच असतात. माझ्यासाठी म्हणून कुणी काढलं नसेल, पण पाठवलं तर मलाच ना?"

मी पांचा फोन वायफायने डब्याला जोडला, नवं चित्र आपोआप डब्यात जाईल अशी सोय केली आणि जुनी डिस्कवर घ्यायला लागलो. फोनमध्ये जागा झाली आणि वुतची अडकलेली दोन चित्रं टणटण करत आली. पांनी ती छातीशी धरली आणि मला चिकट भात आणि भाजलेली कोंबडी दिली, इतकी की पुढचे दोन दिवस मी तीच खाल्ली.

चित्रं वेगवेगळ्या कप्प्यांत लावताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती लक्षात येऊ नये अशी सोय माझ्या शिक्षणात नव्हती. वुतची चित्रं सातशेच्या वर होती आणि प्रत्येक सकाळी सहा वाजून शून्य मिनिटं चार सेकंदांनी निघालेलं. माणूस रोज ठरवून सहालाच चित्र पाठवत असला तरी कधी पाच मिनिटं आधी, कधी दहा नंतर. कधी दात घासत असतो, कधी झोप लागलेली असते. हाताने केलेल्या कामाचे आकडे विखुरतात. हे विखुरलेच नव्हते. चित्रं वुत पाठवत नव्हता. त्याने एकदा कधीतरी फोनला सांगून ठेवलं होतं, आणि फोन पाठवत होता.

म्हणजे चित्र येणं याचा अर्थ मुलगा आहे असा नव्हता. फोन चार्ज होतोय, एवढाच होता.

हे कुणाला सांगावं असं मला फार वाटलं. मग कुणाला सांगायचं याचा विचार केला, आणि यादी माशापाशी संपली.

आता डिस्कवर पांची चित्रं असल्यामुळे ती जास्तच चुकचुकायला लागली. पा त्यांच्या फोनवरून दिवसभर डब्यातली चित्रं मागवायच्या, काटा उड्या मारायचा, आणि दारापाशी चप्पल घालून उभ्या असलेल्या पा पुन्हा चप्पल काढायच्या. आपल्याच मागणीने आपलाच अपशकुन. मी ड्रॉवरमधून फ्लॅशची पट्टी काढली.

त्यातलं शास्त्र सोपं आहे. तांदळाचं पोतं कोपऱ्यात असतं आणि माशाच्या सॉसची बाटली ओट्यावर असते. रोज लागतं ते हाताशी. डिस्क म्हणजे पोतं: मोठी, सावकाश, आवाज करणारी. फ्लॅश म्हणजे ओटा: लहान, चपळ, मुकी. आतली व्यवस्था नुसती मोजत बसते. जे पुन्हा पुन्हा मागितलं जातं ते फ्लॅशवर आणून ठेवते, बाकीचं डिस्कवर राहतं. आणि नवीन आलेलं आधी फ्लॅशवर घ्यायचं, डिस्कला झोपू द्यायचं, मग सवडीने डिस्कवर उतरवायचं, अशीही सोय करता येते. सहसा ही सवड काही सेकंदांची ठेवतात. मी पांना विचारलं, "आठवड्यात कुठल्या दिवशी तुम्ही बाहेर जातच नाही?"

"बुधवार. बुधवारी न्हावीही दुकान उघडत नाही, मी कशाला जाऊ?"

मी सवड एका आठवड्याची ठेवली. दर बुधवारी दुपारी डिस्क जागी होईल, आठवड्याचं सगळं उतरवून घेईल आणि पुन्हा झोपेल. कारखान्यात कुणी अशी मांडणी केली असती तर मी तिच्यावर तीन ठिकाणी लाल शाईने गोल काढले असते. घरी मी तिचं मनातल्या मनात कौतुक केलं.

तपासायला एक अगदी नवीन चित्र हवं होतं, जे आधी कुठेच नव्हतं. मी माशाचा फोटो काढला. मंगळवार होता, मासा गुलाबीच होता, म्हणून वर गुलाबी अक्षरांत लिहिलं, 'मंगळवार. चाचणी.' पांच्या कप्प्यात टाकला. डिस्क जागी झाली नाही. पलीकडून भिंतीवर बोटाने दोनदा टकटक झाली. तो पांचा, मिळालं असं सांगण्याचा प्रकार होता. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, डिस्कने ते व्यवस्थित उतरवून घेतलं. पा रोज बाजारात जायला लागल्या.

इथेच थांबलो असतो तर मी आज आदरणीय माणूस असतो. पण बाजारात जाणाऱ्या बाईला बोलायला माणसं भेटतात. आठवडाभरात चौथ्या मजल्यावरच्या बाई नातवाचे फोटो घेऊन आल्या, लिफ्टशेजारचे गृहस्थ कोंबड्यांच्या झुंजींच्या चित्रफिती घेऊन आले, आणि फाटकावरचे पहारेकरी लुंग प्रासोप, म्हणजे प्रासोपकाका, नुसते सल्ला घेऊन आले.

"पोरा, डबा जमिनीवर? लोकांची मुलंबाळं आहेत त्यात! पायाकडे ठेवतात का?"

डबा टेबलावर आला. मग त्यांना त्याचं तोंड पश्चिमेला दिसलं. डबा फिरवला. मग ते म्हणाले, "गाडी घेतली की भिक्खूंना बोलावतो, दुकान काढलं की बोलावतो. ह्यात पा सायबुआंचा अख्खा मुलगा आहे आणि ह्याला अजून आशीर्वाद नाही?"

"लुंग, हे यंत्र आहे."

"मग गाडी काय म्हैस आहे?"

मी विज्ञानाच्या बाजूने काहीतरी बोलणार होतो, पण पांचा चेहरा पाहिला. आणि खरं सांगायचं तर, माझ्या खोलीत आठ माणसं जमणार या कल्पनेने मी समारंभाच्या आदल्या दिवशी फरशी दोनदा पुसली.

समारंभ मंगळवारी सकाळी झाला. जवळच्या विहारातून वयस्कर भिक्खू आले. त्यांना सगळे लुआंग पो, म्हणजे आदरणीय बाबा, म्हणत. ते डब्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "ह्याची वीज बंद केली आहे का?"

"आशीर्वादाला विजेची अडचण नाही, लुआंग पो," लुंग प्रासोप म्हणाले.

मी ती बंद करायला उठणार, तोच पठण सुरू झालं. पठण सुरू असताना उठायचं नसतं, बोलायचं नसतं, भिक्खूंपेक्षा डोकं वर न्यायचं नसतं. आम्ही पाय एका बाजूला दुमडून, हात जोडून बसलो. आणि त्या अवस्थेत मी पाहिलं, की लुंग प्रासोप यांनी आशीर्वाद आतपर्यंत पोचावा म्हणून हळूच डब्याचं झाकण काढलं.

लुआंग पो समजूतदार होते. पाण्याचे थेंब त्यांनी माझ्या डोक्यावर शिंपडले, डब्याच्या बाहेरच्या पत्र्याला ओल्या पांढऱ्या पावडरीचे तीन ठिपके लावले. तेवढ्यावर भागलं असतं. पण पांनी आणला होता सोन्याचा वर्ख, जो मूर्तीला लावतात तो, खरा. त्यांनी विचारलं नाही, कारण मीच त्यांना मागे समजावून सांगितलं होतं की वुतची ताजी चित्रं कुठे असतात. वर्खाचा कागद चिमटीत धरून त्यांचा हात सरळ फ्लॅशच्या उघड्या पट्टीकडे निघाला.

सोन्याचा वर्ख केसाच्या शेकडोंनी भाग करावेत इतका पातळ असतो, आणि सोनं विजेचं उत्तम वाहक आहे.

"पा, तिथे नको!" मी ओरडलो.

पठणाच्या मधोमध. भिक्खूंच्या डोक्याच्या वर जाऊन. खोलीतले सगळे हात थांबले आणि पा दचकल्या. वर्ख सुटला, पंख्याने तो ओढून घेतला, आणि त्याचा सोनेरी भुगा पट्टीभर, फार सुंदर रीतीने, पसरला. एक बारीक 'टिक्' झालं. पाल नव्हती ती.

लुआंग पो क्षणभर थांबले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे म्हणू लागले.

सगळे गेल्यावर मी पट्टी तपासली. मेली होती. डिस्कला काही झालं नव्हतं. साडेअकरा हजार चित्रं जिथल्या तिथे होती. पण मागच्या बुधवारी दुपारनंतर आलेलं काहीही डिस्कवर उतरलं नव्हतं. उतरायचं होतं ते उद्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. वुतची सहा चित्रं. 'डब्यात गेलं की फोनमधलं पुसत जा,' असं मीच पांना शिकवलं होतं, आणि त्या शिकवलेलं मन लावून करत.

५०८चं दार मी पहिल्यांदाच वाजवलं.

"सहाच दिवस ना?" पा म्हणाल्या. मग बोटांवर वार मोजून, "दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता रे."

"तुम्ही वुतला सांगा, तो परत पाठवेल."

"फोन करू?" त्यांनी फोन हातात घेतला आणि तसाच धरला. "काय म्हणून करू?"

"चित्रं हरवली म्हणून."

"तो दमलेला असतो. फोन केला की विचारतो, काही झालं का? काही झालेलं नसतं. मग काय बोलायचं?"

मी जमिनीकडे पाहत म्हणालो, "पा, एकदा करा. चित्रांवरून... तसं काही कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सहा वाजता येतात म्हणून म्हणतोस?"

मी होकाराची मान हलवली.

"इथे सहा म्हणजे तिथे आठ. आठला त्याची रात्रपाळी अजून संपलेली नसते आणि फोन कपाटात कुलपात असतो. पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं त्याने. मला काय कळत नाही?"

"मग तुम्ही इतकी जपून..."

"लावून तर त्यानेच ठेवलंय ना," पा म्हणाल्या. "जायच्या आधी बसून, आई कुठल्या वारी कुठला रंग पाहते, एवढं ध्यानात ठेवून."

मग त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजला. मी माझ्या नखांकडे पाहत होतो आणि मनात आकडे मोजत होतो, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नाही. शेवटी पलीकडून झोपेतला आवाज आला, "आई? काय झालं?"

"काही नाही रे. डब्याला सोनं लागलं."

"कुठल्या डब्याला?"

"तुला नाही कळायचं. शेजारी दिऊ म्हणून आहे, तो सांगेल... नको, मीच सांगते. आधी सांग, जेवलास का?"

मी बाहेर आलो आणि दार हळू लावलं. भिंतीपलीकडून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मी माशाला दाणे टाकले आणि खाली खुन वारापोन यांच्याकडे जाऊन मत्स्यालयात दुर्घटना झाल्याचं नोंदवून आलो. त्यांनी विचारलं, "मासा?" म्हटलं, सुखरूप. त्या म्हणाल्या, "मग दुर्घटना नाही."

नवीन पट्टी घेतली. या वेळी आठवड्याची सवड ठेवली नाही. जे येईल ते फ्लॅशवर आणि डिस्कवर एकदमच लिहायचं. याचा अर्थ रोज सकाळी सहाला डिस्क जागी होणार आणि चुकचुकणार. हे मी पांना आधीच सांगितलं.

"सहाला ना? बोलू दे. वुतचीच पाल ती. मी सातला निघत जाईन."

वुतने सहा चित्रं परत पाठवली. ती संध्याकाळी आली, वेड्यावाकड्या वेळांना, एकात फूलच नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या बाई नातवाचे फोटो घेऊन गेल्या. खोलीत किंचाळणाऱ्या माणसाकडे ते ठेवणं त्यांना बरं वाटेना. लुंग प्रासोप अजूनही फाटकावर मला पाहिलं की हात जोडून विहाराच्या दिशेने दाखवतात. झुंजीचे कोंबडेही गेले. डब्यात पुन्हा पांची चित्रं आणि माझे एकोणीस गिगाबाइट राहिले, आणि माझ्या संध्याकाळी पाच तासांच्याच.

महिनाभराने, खुन वारापोन गळती तपासून गेल्यावर, मी नवीन पट्टीची तपासणी केली. व्यवस्थेने ओट्यावर काय आणून ठेवलंय, म्हणजे कुठलं चित्र किती वेळा मागितलं गेलं, याचा क्रम काढला. मी एकदाही काही मागितलेलं नव्हतं. सगळ्या मागण्या ५०८च्या फोनवरून होत्या.

वुतची परत आलेली सहा चित्रं: प्रत्येकी नऊ ते चौदा वेळा. वुतची बाकीची: प्रत्येकी एक किंवा दोन वेळा. इतर सगळ्यांची मिळून: एकतीस वेळा.

यादीत पहिलं, मी काढलेला माशाचा फोटो: 'मंगळवार. चाचणी.' एकशे अठरा वेळा.